रात्रीच कापलेली मोसंबी

बायको गेल्यापासून मी सकाळी गॅस पेटवत नाही. पेटवला की हात सवयीने दोन कपांचा चहा टाकतो आणि एक कप मोरीत ओतावा लागतो. त्यापेक्षा मोसंबी कापतो, वर भिजवलेले शेंगदाणे, मीठ, अर्धं लिंबू. झाला नाश्ता.

हे कुणीतरी लेकीला कळवलं. ती मला कायमचं नवापूरला न्यायला निघाली. मला घर सोडायचं नव्हतं. ती दारात आली की ताट भरलेलं दिसावं म्हणून मी मोसंबी रात्रीच कापून ठेवली. कापलेली मोसंबी रातभर राहिली की कडू होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी आल्या आल्या तिने एक फोड तोंडात टाकली आणि थुंकली.

"आबा, हाई तं कडू जहर शे!"

"मले नही लागस," मी म्हणालो, आणि खरं वाटावं म्हणून पूर्ण ताट खाल्लं. चव कारल्याची होती.

"माय कारलं करे तं तू ताटवरथून उठी जाये," ती म्हणाली आणि हसायला लागली. आई गेल्यावर पहिल्यांदाच हसली. मग रडली. मी पाणी दिलं.

दुपारी तिने फक्त स्वतःची पिशवी भरली. माझे कपडे खुंटीवरच राहू दिले. चपला घालताना म्हणाली, "रातले कापत नको जाऊ. सकायले कापत जाय."

"बरं," मी म्हणालो.