मागच्या ओढ्याचं पाणी

डेनिसचं, म्हणजे इथल्या रेंजर बाईचं, माझ्या बॉसचं, नाव आधी घेतो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात तिने आधी युटची, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीची, चावी दिली, मग गेटची. पुढे जे सांगतोय त्यातलं शहाणपण तिचं. धडधड तेवढी माझी.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "मुलगा पॉझिटिव्ह निघाला. मी घरात कोंडलेय. आज रिझर्व्ह तुझा."

रिझर्व्ह म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं नदीकाठचं सरकारी रान. कुणीही यावं, तंबू ठोकावा, मासे धरावेत. सीझनमध्ये लायसन्सवाल्यांनी बदकं मारावीत. सिडनीच्या हॅरिस पार्कमधलं आमचं रेस्टॉरंट बंद पडलं म्हणून मी इथे टॉयलेट धुवायला, पाट्या ठोकायला आलो होतो. बायको सिडनीतच, कोविडमुळे दोन राज्यांमधली बॉर्डर बंद. नोकरी कॅज्युअल. म्हणजे एक तक्रार गेली की पुढच्या रोस्टरवर आपलं नाव नाही.

लॉकडाउन उठल्यावरचा पहिलाच वीकेंड, रान भरलेलं. वरच्या भागात पाऊस झाला होता. डेनिसने शिकवल्याप्रमाणे मी नदीकडे न जाता मागच्या ओढ्यावर गेलो. नदीचा काठ उंच, ओढा खोलगट. नदी फुगली की पाणी आधी ओढ्यात शिरतं आणि बाहेर जायचा एकमेव रस्ता तोडतं. तंबूवाले समोर नदी बघत बसतात. मी पाण्याच्या कडेला काठी रोवली, एक फेरी मारून आलो. काठी पाण्यात उभी होती.

डेनिसला फोन लावला. "रान रिकामं करू?"

"मला इथून माझं किचन दिसतंय. तू तिथे आहेस, तू ठरव."

"आणि पाणी उतरलं तर?"

"तर शिव्या खाशील. शिव्यांनी कुणी बुडत नाही. आणि ऐक, शिकाऱ्याला हाकलू नकोस, कामाला लाव."

पहिलाच तंबू बॅरीचा. सत्तरीचा, वर्षानुवर्षं इथे येणारा. पायाशी ओली लॅब्राडॉर, समोर पाण्यात डिकॉय, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवायला सोडलेली प्लास्टिकची बदकं.

"बॅरी, बाहेर पडायला लागेल."

"कोण म्हणतं? डेनिस?"

"मी."

"मेट, तू परवापर्यंत कांदे चिरत होतास."

"अजूनही चिरतो. पण ओढा चढतोय."

"काठ बघ की! कोरडा ठणठणीत आहे."

मला डेनिसचं वाक्य आठवलं. "वरच्या वळणावरचे लोक माझं ऐकणार नाहीत. तुला सगळे ओळखतात. येतोस माझ्याबरोबर?"

त्याने कुत्रीकडे पाहिलं, जणू तिची परवानगी हवी होती. "तुला धड ओरडताही येत नाही," म्हणाला आणि उठला.

मग युटच्या खिडकीतून डोकं काढून बॅरी प्रत्येक तंबूवर गरजत गेला. एक तरुण माझ्यावर डाफरला, "मी तक्रार करणार!"

"कर," बॅरी म्हणाला. "आधी तंबू उपट."

शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा तिची चाकं अर्धी पाण्यात होती. मी गेटला साखळी घातली. कुलूप लावताना छाती फुगली होती. आर्वोपर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, रस्ता दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी बॅरीची मागे राहिलेली प्लास्टिकची बदकं तरंगत थेट गेटपाशी येऊन थांबली.

डेनिसने फोनवर विचारलं, "सगळे बाहेर?"

"बदकांसकट."

तक्रार आलीच. मी रोस्टरवर राहिलो. शिकलो ते एवढंच: पूर बघायचा तर नदीकडे पाठ करून उभं राहा.

ऑफिसच्या भिंतीवर डेनिसचा मासेमारीचा रॉड टांगलेला आहे. सीझनमध्ये तिला एकही वीकेंड सुट्टी मिळत नाही, म्हणून त्यावर धूळ. एखाद्या वर्षी सीझनच्या पहिल्या वीकेंडला सगळ्या चाव्या माझ्याकडे असतील आणि डेनिस काठावर रॉड टाकून बसेल. ओढ्यावर मी असेन. तिने मागे वळूनसुद्धा बघायचं नाही.