उंबरठा नसलेली जेट स्की

माझ्या साडूचं सगळं आयुष्य गुडघ्यावर गेलं. लाचारीनं नव्हे, धंद्यानं. तो फरशी बसवायचा.

कामावर त्याला सगळे बुडबुडा म्हणत. पाणसळीच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय तो फरशीवरचा हात उचलत नसे. बाकीचे कारागीर जेवून हात धुऊन परत येत, तेव्हाही हा कोपऱ्यात ओणवा होऊन एक डोळा मिटून बघत बसलेला असे. मी लेथवर काम केलेलं. चुकलेलं माप मलाही बघवत नाही. म्हणून आमचं जमलं. नाहीतर साडूसाडूंचं जमणं अवघड.

शेवटी उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी उघडून दुरुस्त केला, पण तो आता काटकोनाच्या पुढे वाकायचा नाही आणि त्यावर भार टाकून टेकायचं नाही. काम सुटलं. त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, खिडकीजवळ एक खुर्ची आणून ठेवली, चांगली, हातांची, उंच पाठीची. तो तिच्यावर हत्यारं ठेवू लागला.

त्याच सुमाराला तो न्हाणीघरात घसरून पडला. ओल्या फरशीवर हात टेकून उठायला गेला आणि उठताच येईना. मेहुणीनं काखेत हात घालून त्याला उभं केलं. ती त्याच्या खांद्याएवढीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, भिंतीला धरायला एक दांडी लावून घ्या.

"मी काय म्हातारा झालो?" साडू म्हणाला. त्याच्या मते विषय संपला.

मग एक दिवस तो मला तळ्यावर घेऊन गेला. तिथं नावा भाड्यानं देणाऱ्या एका माणसाकडे त्यानं कपडे बदलायच्या खोल्यांची फरशी घातली होती. ते त्याचं शेवटचं मोठं काम. शेडच्या मागे गवतात एक जेट स्की पालथी पडली होती. बसायची जेट स्की सगळ्यांनी बघितलेली असते. ही उभ्यानं चालवायची. हिला सीट नाही. पुढून एक लांब दांडा येतो, बिजागरीवर खालीवर होणारा, त्याच्या टोकाला हँडल. मागे पाय ठेवायला हौदासारखी उघडी जागा. थांबलेली असताना हिच्यावर उभं राहिलं तर ती बुडते. म्हणून पाण्यातून हौदात चढायचं, गुडघे टेकायचे, इंजिनाला जोर द्यायचा आणि ती पाण्यावर उचलली गेली की उभं राहायचं.

"इथं फरशी घालत होतो," साडू म्हणाला. "दारातून एक बाई दिसायची. रोज यायची. गुडघ्यावर बसलेली असायची आणि बघता बघता उभी राहून निघून जायची. मला तेव्हा भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हतं."

"मग बसायची घे की. गुडघ्याला बरी."

"बसा म्हणणारे घरात आहेत, साडूभाऊ. तुम्ही तेवढा दांडा बघा."

नाववाला म्हणाला, न्या, जागा तरी मोकळी होईल.

हातगाडीवरून घरी आणली. अंगानं अरुंद, म्हणून दारातून सरळ आत गेली. पण वजन असं की आम्हा दोघांना उंबरठ्यावरून उचलवेना, शेवटी गल्लीतली चार पोरं बोलावली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, जुना दरवाजा लाकडी घोड्यांवर आडवा टाकून, त्यावर ती ठेवली. मेहुणी ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"हे काय?"

"जेट स्की."

"मला तर मेलेली म्हैस दिसतेय."

तेव्हापासून म्हैस हेच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दांड्यावर टॉवेल वाळत घातलेले. साडूनं ते काढून घडी करून ठेवले आणि कामाला लागला. हे पुढे रोज चाललं. तीही हटली नाही आणि तोही.

वजनाचं कारण पोट कापल्यावर कळलं. आत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं उघड्यावर पडून तो स्पंजासारखा भिजला होता. जुनं सिमेंट खरवडायच्या पट्टीनं साडूनं तो सगळा खरवडून काढला. बादल्याच्या बादल्या.

"जलोदर झाला होता म्हणा की," मेहुणी बादली उचलत म्हणाली. शिव्या देई, पण बादल्या तीच बाहेर नेऊन टाकी.

तडे त्यानं घासून उघडे केले, काचेच्या धाग्याचं कापड आणि राळ लावून भरले, वाळल्यावर परत घासले. एका जागी हाताला किंचित उंचवटा लागला. पाण्याखाली जाणारी जागा, कुणाला दिसणार नव्हती. त्यानं ती परत फोडली.  मीही फोडली असती.

इंजिन दोन सिलिंडरचं, पार जाम झालेलं. तेलात भिजवून पिस्टन सोडवले, सिलिंडर घासून घेतले, बेअरिंगं बदलली. इंजिनाचा शाफ्ट आणि मागच्या पंपाचा शाफ्ट एका रेषेत यावे लागतात, नाहीतर धक्के बसून सगळं खिळखिळं होतं. कागदाच्या जाडीएवढा फरक राहिला होता. मी म्हणालो, चालेल. तो म्हणाला, नाही चालणार. परत सगळे बोल्ट सोडले. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला फरशीवाल्यानं 'चालेल' म्हणताना पकडलं, हे त्यानं घरभर सांगितलं.

थंड ठेवायला नळाचं पाणी जोडून इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा खोली धुरानं भरली. भिंतीवरचा आरसा थरथरला. मेहुणीनं शेगडी बंद केली आणि धुरात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती इंजिन बंद व्हायची वाट बघत थांबली.

"म्हणजे ही खरंच चालणार," ती म्हणाली.

"चालणार."

"मग आता ऐका. न्हाणीघरात पडलात तेव्हा मी उचललं. तळ्यात मी उचलणार नाही. मला पोहता येत नाही. खोल पाण्यात पडायचं, कुणाचाही हात न धरता परत चढायचं आणि उभं राहायचं. माझ्यासमोर. जमलं तर चालवा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी म्हैस या घरातून बाहेर. भाऊजी, तुम्ही साक्षीला."

साडू म्हणाला, "ठरलं."

त्याला तेव्हा ते सोपं वाटलं होतं. मलाही.

हौदाचा तळ कुजला होता. तो नवा करायचं काम त्यानं मला शिवू दिलं नाही. फरशी म्हणजे त्याचा प्रांत. पाणसळ ठेवून त्यानं असा सपाट तळ केला की त्यावर गोटी ठेवली तर ती जागची हलली नाही. वर रबराचे चौकोन कापून चिकटवले, सांधे दोऱ्यासारखे सरळ. मागच्या काठाला, जिथून चढायचं असतं तिथं, त्यानं छान गोलसर उंबरठा काढला. खोलीची फरशी संपते तिथं तो नेहमी काढायचा तसा. मी पाहिलं आणि सुंदर झालंय म्हणालो.

पहिल्यांदा तळ्यावर गेलो तेव्हा मेहुणीला सांगितलं नाही. साडूनं लाइफ जॅकेट घातलं, इंजिन बंद करायची दोरी मनगटाला बांधली. पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. खोल पाण्यात गेला आणि चढायला लागला. छाती वर आली. उजवा पाय येईना. डावा गुडघा आणला तर तो त्या उंबरठ्याला अडकला. हौदात पाणी भरलं ते आतच राहिलं. त्यानं जोर दिला तशी जेट स्की त्याच्या हातातून निसटून पुढे गेली आणि थांबली. परत पोहत गेला, परत तेच. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी नाववाल्यानं नाव नेऊन त्याला आणि म्हशीला ओढून आणलं.

घरी मेहुणीनं दार उघडलं. "कपडे ओले आणि तोंड उतरलेलं," ती म्हणाली. "जेवून घ्या."  त्यानं ताटाकडे बघत जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला परत तळ्यावर नेलं. या वेळी उथळ पाण्यात, काठाशी. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. तो मागून हौदाला लटकला आणि म्हणाला, "पाणी कुठवर येतंय तिथं रेघ मारा." मी दोन्ही बाजूंना खडूनं रेघा मारल्या. बाहेर काढून बघितल्या. तो लटकला की मागची बाजू हातभर पाण्यात जात होती आणि नाक वर. घरात सपाट असलेला तळ तिथं चढ होत होता, आणि चढाच्या तोंडाशी उंबरठा.

त्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं. ओल्या अंगावर वारा लागत होता, तरी टॉवेल घेईना.

"न्हाणीघराला मी कधी सपाट फरशी घातली नाही," शेवटी म्हणाला. "पाणी ज्या बाजूला जायचं त्या बाजूला उतार. पहिल्या वर्षी शिकतात हे. आणि इथं मी पाणसळ लावून बसलो."

"मीपण सुंदर म्हणालो."

"तुम्ही लेथवाले. तुम्हाला काय कळतंय!"

तेवढं बोलला तेव्हा मला बरं वाटलं.

घरी जाऊन त्यानं छिन्नी घेतली आणि तो सगळा तळ उखडला. दोऱ्यासारखे सांधे, गोलसर उंबरठा, सगळं. मेहुणी दारात उभी राहून बघत होती. त्याच्या हातानं त्याचंच काम तुटताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दांड्यावर टॉवेल नव्हते.

नवा तळ त्यानं मागे उतरता केला. मागचा काठ कापून टाकला, तिथं नुसती गोलाई. पाणी आलं तसं निघून जाईल. डाव्या बाजूला डाव्या गुडघ्याच्या मापाचा खळगा केला. उजव्या बाजूला काहीच नाही. उजवा पाय वाकणार नाही, तर वाकवायचाच नाही, सरळ ओढत आणायचा आणि तळवा टेकवायचा. तळवा टेकेल तिथं एक तिरका ठोकळा. मी दांडा थोडा लांब केला, म्हणजे पाण्यात पालथं पडूनही हँडल हाताला लागेल.

खळग्यात मऊ काय घालायचं, हा प्रश्न होता. तो आत गेला आणि कामावर बांधायचे चामड्याचे गुडघेपट्टे घेऊन आला. ते त्यानं कधी कुणाला हात लावू दिले नव्हते. डाव्या पायाचा पट्टा कापून खळग्यात बसवला. उजव्याचा उरला. त्याच्या वाद्या शिवून हौदाच्या पुढच्या कडेला एक धरायचा पट्टा केला.

मेहुणी म्हणाली, "हात धरायचा नाही असं ठरलं होतं."

"हात कुठाय? पट्टा आहे."

"अस्सं. म्हणजे तिथं धरायला पट्टा चालतो. आणि इथं भिंतीला दांडी लावली की माणूस म्हातारा होतो."

साडू वादी ओढून बघत होता. त्यानं ती आणखी एकदा ओढली. 

ठरलेल्या दिवशी मेहुणी धक्क्याच्या टोकाला उभी राहिली, हातात टॉवेल. माझी बायकोही आली होती. ती बहिणीला म्हणाली, "बस ना गं." मेहुणी बसली नाही.

साडू खोल पाण्यात गेला, मुद्दाम बाजूला कलला आणि पडला. दोरी सुटली, इंजिन थांबलं. एकदम शांत झालं.

पहिल्यांदा चढताना पट्टा हाताला लागला, डावा गुडघा खळग्यात आला, पण उजवा पाय ओढताना तोल गेला आणि तो पडला. दुसऱ्यांदा त्यानं घाईत जोर दिला. जेट स्की निसटली. तो पोहत मागे गेला. तिसऱ्यांदा अर्धा वर आला आणि तिथंच थांबला, गाल रबरावर टेकून. दम लागला होता. इतक्या लांबून दिसत होतं.

नाववाल्यानं नावेची दोरी सोडली. "आणतो मी त्यांना. वय आहे आता."

"थांबा," मेहुणी म्हणाली.

"अहो वहिनी, दमलेत ते."

"दमू दे. बोलावलं नाहीये त्यांनी."

तिनं टॉवेल इतका पिळला होता की कोरडाच होता म्हणून बरं. नाववाला दोरी हातात धरून उभा राहिला.

साडू हलला. या वेळी वर ओढून घ्यायच्या भानगडीत पडला नाही. पालथाच राहिला आणि इंजिनाला अगदी जरासा जोर दिला. बुडलेली मागची बाजू हळूहळू वर आली आणि तळ त्याच्या पोटाखाली आपोआप सरकला. पाणी उतारावरून मागे सांडत होतं. डावा गुडघा खळग्यात गेला. उजवा पाय सरळ, लाकडासारखा, बाजूनं आला आणि तळवा ठोकळ्यावर टेकला. तो एका गुडघ्यावर होता. तसाच लांबवर गेला. फार लांब.

"गुडघ्यावर नाही ठरलं!" मेहुणी ओरडली. आवाज पोचण्यासारखा नव्हता. ती आमच्यासाठीही ओरडली नव्हती.

त्यानं अजून जोर दिला. नाक खाली आलं, दांडा वर उचलला गेला आणि त्याच्याबरोबर तो. आधी कंबर, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी वर आलं, कारण तो उठतानाही पायाखालच्या तळाकडेच बघत होता. मग त्यानं समोर पाहिलं.

वळताना तो परत पडला. हे ठरलेलं नव्हतं. नाववाला माझ्याकडे बघू लागला, मी मेहुणीकडे. ती तळ्याकडे बघत होती. आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आत तो परत चढला आणि उभा राहून धक्क्याला लागून गेला. आम्ही सगळे भिजलो.

"मुद्दाम केलं," मेहुणी म्हणाली आणि त्या टॉवेलनं स्वतःचं तोंड पुसलं.

ती बोलल्याप्रमाणे वागली. एक शब्द बोलली नाही. म्हैस मागच्या खोलीतच असते, दांड्यावर टॉवेल वाळतात, आणि ज्या दिवशी तो तळ्यावर जातो त्या दिवशी ते तीच आधी काढून ठेवते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तर न्हाणीघरातून भोकं पाडायचा आवाज येत होता. साडू आत होता. डावा गुडघा उशीवर, उजवा पाय बाजूला सरळ. भिंतीला दांडी बसवत होता आणि दांडीवर पाणसळ ठेवली होती.

"हिला नको उतार?" मी विचारलं.

"हिला नको," तो म्हणाला. "ती बाहेर उभी आहे का?"

"आहे."

"मग हळू बोला. आणि तो स्क्रू द्या."