मे महिन्यातलं बोरन्हाण

बोरीवलीत जन्मलेल्या माणसाला बोर ओळखायला शिकवावं लागत नाही, अशी एके काळी माझी ठाम समजूत होती. तेव्हा मी पंचविशीची, पोटुशी आणि भयंकर शहाणी. "बाळाचं बोरन्हाण घरच्या बोरांनीच करणार," असं अख्ख्या बिल्डिंगला सांगून मी मागच्या टेकाडावरून एक काटेरी रोप आणलं आणि कंपाउंडच्या भिंतीशी लावलं.

सासूबाईंनी एक पान उलटून पाहिलं. "बोरच ना गं?"

"आई, मी बोरीवलीची आहे. पानावर तीन शिरा, फांदीला काटे. अजून काय पाहिजे?"

"बरं हो," म्हणून त्या आत गेल्या.

रोप वाढलं ते वेलासारखं, भिंतीवर लोळत. दर संक्रांतीला बोरं बाजारातूनच आली. मुलाला पाचवं लागलं, म्हणजे बोरन्हाणाची शेवटची संक्रांत. बायकांना बोलावणी गेलेली, आणि झाडावर फक्त फुलांचे लांब तुरे! मी रडायच्या बेताला.

सासूबाई तिळाचे लाडू वळता वळता म्हणाल्या, "अगं, ते तोरण आहे. बोराचं भावंड. बोराचे काटे जोडीनं, एक सरळ, एक वाकडा. ह्याचा बघ, एकटाच, गळासारखा. बोराचं पान खालून पांढरं, ह्याचं तांबूस. आणि फळ पांढरं, तेही मे महिन्यात."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"कोकणात वाढले मी. तोरणं खाऊन दात आंबलेत माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मलाच शिकवत होतीस ना! म्हटलं, शिकावं."

त्या संक्रांतीलाही बोरं बाजारचीच. पण मे महिन्यात भिंत पांढऱ्या मण्यांनी लगडली, तेव्हा सासूबाईंनीच पोराला पाटावर बसवलं. काळं झबलं अंगात शिरेना, घामाच्या धारा, डोक्यावरून तोरणं ओतली तर गर केसांत चिकटला. बिल्डिंगमधली सगळी पोरं जमिनीवर तुटून पडली. असं झकास बोरन्हाण पुन्हा कुणाचं झालं नाही.

परवा माझी सून, सातवा महिना लागलेली, कुठूनशी कुंडी घेऊन आली. "आई, बाळाच्या बोरन्हाणासाठी. बोरच आहे, मी ॲपवर बघितलंय."

मी चष्मा लावला. काटा एकटा, गळासारखा. पान उलटलं. तांबूस.

"बरं हो," म्हटलं, आणि पाण्याची झारी आणायला आत गेले.