म्हैस म्हणजे काळी गाय नव्हे

भोरच्या एसटी स्टँडवर नूतन रेणुसेनं किकवीकडची गाडी लागली का म्हणून विचारलं, की कुणीतरी हमखास मान वळवून बघतं. चेहरा ओळखीचा नसतो, आवाज असतो. मग एखादा शेतकरी जवळ येऊन खात्री करून घेतो, "मोबाईलवर म्हशीचं सांगणाऱ्या बाई तुमीच न्हवं?" नूतन म्हणते, व्हय, मीच. त्यात तिला अवघडल्यासारखं काही वाटत नाही. भोर आणि वेल्हे मिळून बत्तीस गावांत सकाळी सहाला फोन वाजतात आणि तिच्या आवाजात सांगितलं जातं, की तुमची गाय आता आटवायला घ्या, दूध काढणं बंद करा, लाळ्या-खुरकुताची लस येत्या मंगळवारी चावडीपाशी आहे, म्हैस व्यायचे दिवस आलेत, गोठा कोरडा ठेवा. आवाज तिचा, आणि त्यामागचा प्रोग्रॅमही तिचाच.

नूतन मूळची पासलीची. वेल्हे तालुक्यातलं डोंगरातलं गाव, भाताची खाचरं आणि घरटी दोन-चार जनावरं. शिकायला आधी वेल्ह्यात आणि मग भोरच्या वसतिगृहात राहिली. कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि उशीर झाला असं तिला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पुण्याच्या एका कंपनीत सात वर्षं काढली. तिथं ती कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या एकाच फॉर्मवर काम करत होती. फॉर्म तोच, फक्त दर वर्षी त्याचा रंग बदलायचा. कॉलेजातल्या कुमार खुटवडनं भोरमध्ये खताच्या दुकानावरच्या माडीत सॉफ्टवेअरचं ऑफिस टाकलं आणि तिला बोलावलं, तेव्हा ती महिन्याभरात हजर झाली. गावाकडं परत आलीस म्हणून कुणी कौतुक करायला लागलं, तर ती त्याला तिथंच थांबवते. पुण्यातल्या कामापेक्षा हे काम अवघड होतं म्हणून आले, एवढंच तिचं म्हणणं.

त्या ऑफिसला पहिलं मोठं काम मिळालं ते एका दूध संघाचं. आधी फक्त गायींचं होतं. नूतननं गायींचा प्रोग्रॅम लिहिला. वर्षानं संघ म्हणाला, म्हशीही घ्या. तिनं गायीची फाईल उचलली, तिची नक्कल केली आणि नकलेत फिरून जिथं जिथं म्हैस वेगळी वागते तिथं तिथं बदल केले. पुढं शेळ्या आल्या तेव्हा पुन्हा तेच केलं. तिचे वडील गेनूभाऊ जनावरांतले जाणते होते. म्हैस म्हणजे काळी गाय नव्हे, असं ते नेहमी म्हणायचे. गायीला चालतं ते म्हशीला करायला गेलात तर दोन्ही हातची जातात. नूतननं तीन वेगळ्या फाईली ठेवल्या त्यामागं हेच होतं, आणि त्या फाईलींवर तीन वर्षं बत्तीस गावं बिनबोभाट चालली होती.

मग स्वरूप आला. भोरचाच पोरगा, पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, हुशार, आणि हुशारी लपवायची सवय नसलेला. पहिल्या आठवड्यात त्यानं तिन्ही फाईली शेजारी शेजारी उघडल्या आणि कुमारला बोलावून दाखवल्या. प्रत्येकी नऊशे ओळी, त्यातल्या साडेसातशे तंतोतंत सारख्या. त्याचं म्हणणं होतं, की एक गोष्ट तीनदा लिहून ठेवली म्हणजे तीनदा चुकायची सोय करून ठेवली. सारखं ते एका जागी काढावं, तिघांनी तिथूनच वापरावं, आणि जनावर कुठलं आहे तेवढं वरून सांगावं. शिवाय कुणाला फोन करायचे त्याची रोजची यादी तयार व्हायला चाळीस मिनिटं लागतात, कारण प्रोग्रॅम प्रत्येक जनावरामागं मालकाची माहिती नव्यानं शोधतो. ती एकदाच वाचून ठेवली तर तीन मिनिटांत काम होईल.

नूतननं शांतपणे ऐकून घेतलं. पहाटे पाचला यादीची वाट बघत कोण उभं आहे, असं तिनं विचारलं. आणि सारख्या दिसणाऱ्या ओळींबद्दल म्हणाली, आज सारख्या आहेत. उद्या शेळीचा नियम बदलला की तुझ्या एका जागी 'शेळी असेल तर' असं एक कलम लागेल. मग म्हशीचं एक. दोन वर्षांनी त्या कलमांच्या जंगलात शेळीसाठी हात घालशील आणि गाय बिघडवशील. हे तिनं पुण्यात डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

हा वाद पंधरा दिवस चालला. चहाला उतरले तरी चालायचा, जिन्यात चालायचा. कुमारनं निकाल दिला नाही. चालतंय त्याला कशाला हात लावा, असा त्याचा स्वभाव. यादीचं काम मात्र स्वरूपनं मधल्या वेळात करूनच टाकलं. तीन मिनिटांत यादी व्हायला लागली, आणि पहाटे एखादं लसीकरण रद्द झालं तर सहाच्या आत फोन थांबवता यायला लागले. नूतननं ते मोकळेपणानं मान्य केलं. नकलेचा मुद्दा तिनं सोडला नाही.

ऑक्टोबरात फोनवर सांगितला जाणारा, संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांचा मदतीचा नंबर बदलला. आधीचा नंबर सावळारामकाकांचा होता. किकवीचे सावळारामकाका संघात तीस वर्षं जनावरं तपासून निवृत्त झाले होते. नूतननं नवा नंबर गायींच्या फाईलीत घातला, म्हशींच्या फाईलीत घातला, तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि शेळ्यांची फाईल राहिली.

अकरा दिवसांनी सावळारामकाका बसनं भोरला आले आणि ऑफिसचा जिना चढले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी रिटायर झालो हे गाईम्हशींना कळलंय. शेळ्यांना कुणी सांगितलं न्हाई काय?"

बत्तीस गावांतले शेळीवाले त्यांनाच फोन करत होते. त्यांनी जमेल त्याला जमेल तसं सांगितलंही होतं. पण एकदा ते रानात होते आणि मोबाईल घरात. गुंजवण्याच्या साळूबाईंची शेळी अडली होती. त्यांनी सात वेळा फोन लावला. दुसरा डॉक्टर शोधून आणेपर्यंत दोन करडांतलं एक गेलं.

नूतननं फाईल उघडली. जुना नंबर समोरच होता. तिनं तो बदलला, खाली चहाला गेलेल्या कुमारला जाऊन सांगितलं, आणि वर येऊन स्वरूपला म्हणाली, "चूक माझी आहे. तू बरोबर होतास. गाडी काढ, गुंजवण्याला जाऊन येऊ."

स्वरूपला वाटलं होतं, की आता आपण जिंकलो असं वाटेल. तसं वाटलं नाही. नसरापूर, मार्गासनी, साखर ही गावं करत दोघं गुंजवण्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. भात पिवळं पडलं होतं, काही खाचरांत कापणी लागली होती. साळूबाई अंगणात होत्या. साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. घरी दोन शेळ्या, एक म्हैस आणि एक गावठी गाय. नूतन बोलायला लागल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

नूतननं आडवळण घेतलं नाही. फोनवर चुकीचा नंबर सांगितला गेला, तो बदलायचं काम माझं होतं, मी विसरले, असं सरळ सांगितलं.

साळूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. उरलेलं करडू त्यांच्या लुगड्याचा काठ चघळत होतं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मोबाईल चुकला. मोबाईलला कोण इचारणार? माणूस चुकलं व्हय. मग बसा, च्या करते."

चहा पिताना नूतननं सवयीनं म्हशीची चौकशी केली. कधी फळवली, रेड्याकडं कधी नेली? साळूबाई म्हणाल्या, नवरात्रातल्या पाचव्या माळेला, नाहीतर सहाव्या. नक्की ध्यानात नाही. नूतननं मोबाईलमध्ये तसंच लिहून घेतलं. स्वरूपनं ते पाहिलं. म्हशींच्या फाईलीत चाळीस ओळी अशा होत्या, की त्यांचा अर्थच त्याला लागला नव्हता. तिथीवरून तारीख काढायची, आणि एक दिवस न सांगता आधीचा-नंतरचा मिळून पंधरवडा सांगायचा. कुणीतरी हौसेनं लिहून ठेवलेला जुना कचरा असं समजून त्यानं त्या काढून टाकायच्या यादीत घातल्या होत्या. त्या ओळी ह्या अंगणासाठी लिहिल्या आहेत, हे त्याला आता कळलं.

परतताना मार्गासनीला दोघं थांबले. स्वरूपनं त्या काढून टाकायच्या यादीची कबुली दिली. आणि मग विचारलं, "ताई, पण ह्या ओळी फक्त म्हशीलाच का? आजींची गाय गावठी आहे, तिचीबी तारीख त्या माळेवरनंच सांगणार. आणि शेळीची तर कुणीच लिहून ठेवत नाही."

नूतन थबकली. संघाच्या गायी संकरित, त्यांना गाभण राहण्यासाठी टोचलेल्याची नोंद तारखेनिशी असते. म्हणून गायींच्या फाईलीत तिनं हे घातलंच नव्हतं. गावठी गाय तिच्या डोक्यातच आली नाही. आणि शेळ्यांच्या फाईलीत ती तीन वर्षं पक्की तारीख सांगत आली होती, जी मुळात कुणालाच पक्की माहीत नव्हती. वेगळेपण जपता जपता, जे तिघींचं खरोखर एकच होतं ते तिनं एकीलाच देऊन ठेवलं होतं.

"हे मला सुचायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता सुचलंय ना, मग करू."

दुसऱ्या दिवसापासून दोघं शेजारी बसले. आता वादाला धार होती पण कड लागत होती, कारण प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचं ठरलं होतं. ही ओळ बदलायची वेळ आली, तर तिन्ही जनावरांसाठी एकदम येईल की एकट्याचीच येईल? डॉक्टरांचा नंबर बदलला तर तिघांचा बदलतो. तो एका जागी गेला. तिथीवरून तारीख काढणं एका जागी गेलं. फोन लावणं, न उचलल्यास पुन्हा लावणं, तेही गेलं. लसींचं वेळापत्रक आज जवळजवळ सारखं दिसत होतं, तरी ते तीन ठिकाणीच राहिलं; त्यातलं कुठलं कधी बदलेल हे त्या त्या रोगावर होतं. पहिल्या पाच दिवसांत साडेसहाशे ओळी गेल्या. स्वरूप रोज संध्याकाळी आकडा फळ्यावर लिहायचा. नूतन तो वाचून पुसायची, पण चेहऱ्यावर समाधान असायचं.

एका गोष्टीवर मात्र ती बधली नाही. स्वरूपला आवाजाचेही तुकडे करायचे होते. 'तुमची' एकदा, 'गाय', 'म्हैस', 'शेळी' वेगवेगळं, आणि 'व्यायचे दिवस आलेत' एकदा. जोडून घेतलं की झालं. नूतननं सांगितलं, लोक ऐकणार नाहीत. स्वरूप म्हणाला, मोजून बघू. तिला ते पटलं. किकवी आणि आजूबाजूच्या शंभर घरांना तुकडे जोडलेला आवाज पाठवला, दुसऱ्या शंभर घरांना तिचा सलग. दोन दिवसांनी स्वरूपनंच आकडे आणून टेबलावर ठेवले. जोडलेला आवाज बासष्ट जणांनी अर्ध्यातच कापला होता, सलग आवाज अगदी थोड्यांनी. एकानं उलट फोन करून विचारलं होतं, की बाईंना बरं नाही का.

"मग तीन वेळा बोलणार तुम्ही," स्वरूप म्हणाला.

"तीनदाच बोलते. शेळीवाल्याशी बोलताना मी निराळी बोलते, तुला ऐकू येत नाही एवढंच." तिनं त्याच दुपारी माडीची खिडकी लावून घेतली आणि तिन्ही जनावरांची वाक्यं नव्यानं भरून घेतली. खालच्या दुकानात खताची पोती उतरवणाऱ्यांना वीस मिनिटं थांबायला सांगितलं, आणि ते थांबले.

नोव्हेंबरच्या अखेरीस नवा प्रोग्रॅम चालू झाला. पहिल्याच आठवड्यात संघानं एका लसीची तारीख बदलली, आणि ती बदलायला स्वरूपला चार मिनिटं लागली. साळूबाईंच्या गायीला आता पंधरवडा सांगितला जातो. सावळारामकाकांचा फोन शांत झाला. अधूनमधून तेच ऑफिसला फोन करतात आणि शेळ्यांचं कसं चाललंय ते विचारतात. एकदा नूतननं त्यांना बोलावून सगळे नियम त्यांच्यासमोर वाचून दाखवले. त्यांनी दोन चुका काढल्या, दोन्ही तिच्या. तिनं लगेच सुधारल्या आणि त्यांचं नाव त्या ओळींच्या वर लिहून ठेवलं.

जानेवारीत संघ म्हणाला, आता मेंढ्याही घ्या. कुमारनं दोघांना विचारलं, किती दिवस? स्वरूपनं हिशेब केला, आता नक्कल करायची नाही, सगळं तयार आहे, दोन दिवस. नूतन म्हणाली, दहा. कुमारनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तिनं सांगितलं, की लिहायला दोनच लागतील, स्वरूपचं बरोबर आहे. उरलेले आठ मेंढ्यांसाठी. ह्या ऑफिसात मेंढी राखलेलं कुणी नाही, आणि मेंढी कधी आणि कुठं विते हे ती राखणाऱ्याच्याच मागं चालून कळेल.

स्वरूपनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, की चालायला दोघं गेले तर चालेल का. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट त्यांचे तळ, तेव्हा नीरेच्या काठाला उतरलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं दोघं निघाले. नूतननं पायात जुने बूट घातले होते, पिशवीत भाकरी होती, आणि कंडक्टरला तिनं दोन तिकिटं मागितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.