खाली माणसं आहेत

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी भीती पिकते, तिच्यातली निम्मी एकटे माझे साडभाऊ घरी घेऊन जातात आणि उरलेली निम्मी बाकीची प्रजा वाटून घेते, असं मी आयुष्यभर लग्नांत, बारशांत, तेरवीच्या पंगतींतसुद्धा सांगत आलो. लोक पोट धरून हसत. साडभाऊ समोर बसलेले असले तर तेही हसत, पण हसण्याआधी खुर्ची एकदा ठोकून पाहत. सांगायची हातोटी माझ्याकडे होती, मास्तरकीत तेवढंच कमावलं. त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात त्यांचं नाव ‘भितरे भाऊजी’ पडलं ते माझ्यामुळे. आता मीही म्हातारा झालो, आणि त्या गोष्टींतली जी गोष्ट मी कधीच सांगितली नाही, ती सांगायची राहून जाईल की काय अशी मलाच भीती वाटू लागली आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचे यजमान. माजरीच्या कोळसा खाणींत विजेच्या खात्यात फोरमन म्हणून जन्म काढला आणि निवृत्तीनंतरही माजरीतच घर बांधलं. त्यांना वाघाची भीती नाही, हे आधी सांगायला हवं. एकदा आम्ही मूल गावाहून चंद्रपूरला एसटीने येत होतो आणि ऐन दुपारी रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला. ड्रायव्हरने गाडी बंद केली. शेजारच्या बाईने पोराच्या तोंडावर पदर दाबला. मी सीटखाली जाता येईल का याचा अंदाज घेत होतो. साडभाऊंना मात्र घाम फुटला होता तो मोबाईलला नेटवर्क येत नव्हतं म्हणून. "मास्तर, त्या पोलंडवाल्यानं एक ओळ बदलली, ते मी पाह्यलंच नाई अजून." मी दातओठ खात म्हटलं, "भाऊ, समोर वाघ आहे!" तर म्हणाले, "वाघ जाते हो उठून. हे एकदा आत गेलं तर निघत नाई."

ही ‘ओळ’ काय भानगड आहे ते सांगतो. निवृत्त झाल्यावर मुलीने दिलेल्या जुन्या संगणकावर ते लिनक्स शिकले. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. कोणा एकाच्या मालकीची नाही, कोणीही फुकट घ्यावी, कोणीही दुरुस्त करावी. आपल्या झाडीपट्टीतल्या गावतळ्यासारखं समजा. पाणी सगळं गाव वापरतं आणि कोणीतरी एक म्हातारा फावडं घेऊन तळ्याच्या पाळीवरून फिरत असतो, खेकड्याने कुठे बीळ केलं का बघत. तसे हे म्हातारे. भंगारात जाणाऱ्या संगणकांवरही चालेल अशी एक छोटी लिनक्स जगभरातले काही हौशी लोक मिळून सांभाळत होते, आणि तिचा एक तुकडा, मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा, आमच्या साडभाऊंच्या ताब्यात होता. त्यात नवीन काही करायचं नसे. कुठे काही कुरकुरलं की दोन ओळी बदलायच्या, इतरांनी पाठवलेले बदल तपासायचे आणि पटले तर स्वतःच्या किल्लीने, म्हणजे फक्त त्यांच्यापाशी असलेल्या गुप्त सहीने, आत घ्यायचे. या कामाचे पैसे नाहीत की हारतुरे नाहीत. नुसती भीती.

खाणीत छताखाली उभं राहण्याआधी ते काठीने ठोकून पाहतात. छत पक्कं असेल तर टणक आवाज येतो, सुटलेलं असेल तर पोकळ, मडक्यासारखा. ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे सगळे खांब ठोकले आणि व्याह्यांना एका विशिष्ट खांबापासून उठवून दुसरीकडे बसवलं. व्याही आजही मला विचारतात की त्यात मानापमानाचं काही होतं का. कोणी एक स्वल्पविराम बदलून पाठवला, तरी साडभाऊ तो आधी मागच्या पडवीतल्या मोडक्या संगणकांवर चालवून बघत. एकाहून एक म्हातारी मशीनं, पंखे घरघरणारी, आणि प्रत्येकाला बैलाचं नाव. "ढवळ्या उठला, पवळ्या नाई उठला," असं म्हणत ते पडवीत फिरत. माझ्या मेव्हणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. त्या वैतागून म्हणायच्या, "माह्या बापाच्या घरचे ढोरं बरे होते. शेण तरी देत होते."

मी हसायचो. मग ते माझ्याकडे बघून म्हणत, "काऊन हसून राह्यले मास्तर? खाली माणसं आहेत."

या वाक्याचा उगम पडवीच्या भिंतीवर होता. तिथे एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले बिल्ले. आपल्या भागात ज्याच्या ज्याच्या मशीनवर त्यांची लिनक्स होती, त्याच्या नावाचा एक बिल्ला: कोरपन्यातली फॉर्म भरून देणारी बाई, बल्लारपूरचा रेल्वेतला एक सोबती, भामरागडकडचा एक दवाखाना, मी जिथे मास्तर होतो त्या धानोऱ्याकडच्या गावातलं वाचनालय, आणि घरच्या संगणकापुरता मी. खाणीत हीच पद्धत. खाली उतरताना आपला बिल्ला खिळ्यावर लावायचा, वर आल्यावर काढायचा. बिल्ला लटकतो आहे तोवर माणूस खाली आहे, आणि माणूस खाली आहे तोवर हवा फेकणारा पंखा बंद करायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा की ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा.

हा नियम ते एवढा का जपत, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवीन नोकरीत, आता बुजून गेलेल्या एका खाणीत, ते खाली एक तार जोडत बसले होते. कामाची पाळी सुटली. सोबत्याला वाटलं, हा पुढे गेला, बिल्ला काढायचा विसरला असेल, बोलणी खाईल बिचारा. म्हणून त्याने मायेने यांचा बिल्ला काढून ठेवला. फळी रिकामी झाली, सगळे वर आले असं ठरलं आणि पंखा थांबला. "मास्तर, अंधाराची सवय होती मले," ते म्हणाले, "पण पंख्याचा आवाज थांबला ना, तवा समजलं का वरच्यांसाठी मी नाईच आहो आता." बायकोने जेवणाच्या वेळी आरडाओरडा केला म्हणून शोध झाला. "त्यानं वाईट नोतं केलं काई. चांगलंच करून राह्यला होता तो." मी ही गोष्ट लग्नांत सांगायचो ती अशी, की आमचे साडभाऊ अंधाराला इतके भितात की पंखा बंद झाला तरी रडतात.

पुढे त्यांच्या प्रकल्पात एक अनोळखी माणूस आला. कुठल्या देशाचा कोणाला ठाऊक नाही. अतिशय सभ्य. छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवायचा, नवशिक्यांच्या शंका सोडवायचा, आभार मानायचा. हळूहळू दुसरेही लोक लिहू लागले की म्हाताऱ्याला वेळ लागतो, याला किल्ली द्या. मीही म्हणालो, "द्या ना भाऊ. तुम्ही मोकळे व्हाल. एवढा चांगला माणूस कुठे मिळतो?"

"तेच तं," साडभाऊ म्हणाले. "एवढा चांगला माणूस कोणालेच भेटत नाई. माह्या छतात कुठीतरी टण वाजते, कुठी ढब वाजते. याले कुठीबी ठोका, टणच वाजते. मले भेव वाटते त्याचं."

मी ही गोष्टसुद्धा लग्नांत सांगितली. आमचे साडभाऊ चांगल्या माणसाला भितात. काय हशा पिकला!

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, बाई सोबत गेल्या, आणि कोंबड्या आणि संगणक यांच्या राखणीला मी त्यांच्या घरी राहिलो. किल्ली म्हणजे एक पेनड्राइव्ह, देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलेला. तो उघडायचा शब्द त्यांनी जगात एकट्या मला सांगून ठेवला होता, त्यांचं काही बरंवाईट झालं तर बाकीच्यांच्या हवाली करता यावं म्हणून. जाताना स्ट्रेचरवरून म्हणाले, "मास्तर, फक्त एवढंच लिहा. माणूस आजारी आहे, थांबा."

मी प्रकल्पातल्या सगळ्यांना तेवढंच लिहिलं. तासाभरात त्या सभ्य माणसाचं उत्तर आलं. बाकीच्यांनीही लवकर बरे व्हा म्हणून लिहिलं होतं, पण याने पथ्य विचारलं, बाईंच्या तब्येतीची चौकशी केली. माझे डोळे भरून आले. मग त्याने लिहिलं की जुन्या मशीनांत एक दोष निघाला आहे, ती सुरूच होत नाहीत, दुरुस्ती तयार आहे, फक्त आत घ्यायला हवी. त्याच दिवशी आमच्या वाचनालयातून फोन आला, "गुरुजी, मशीन उठूनच नाई राह्यलं." दोष खराच होता. मला वाटलं, माणूस तिकडे खाटेवर, त्याच्या काळजाला कशाला घोर? चांगलंच काम आहे, करून टाकू. मी अन्नपूर्णेला नमस्कार केला, किल्ली काढली आणि त्यांच्या नावाने त्या माणसालाच आत घेतलं, म्हणजे दुरुस्ती त्याने स्वतःच घालावी. वाचनालयाचं मशीन उठलं. मला फार बरं वाटलं.

साडभाऊ घरी आले ते आधी पडवीत गेले. पडद्यावर काही वाचलं. पुन्हा वाचलं. मी दारात उभा होतो. मी त्यांना वाघासमोर पाहिलं होतं, पण त्यांचा चेहरा असा पांढरा झालेला कधी पाहिला नव्हता. दुरुस्तीच्या पोटात, त्या माणसाने नंतर घातलेल्या चार साध्या ओळी होत्या. त्या काय करतात हे विचारायचं मला धाडस झालं नाही, तेच पुटपुटले, "टेकू काढला एक. बाहेरून कोणीबी आत येऊ शकते आता." खुर्ची न ठोकताच खाली बसले. माझ्याकडे एकदा बघितलं. हे मी केलं, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या आणि मी म्हणालो, "पाऊस येईलसं वाटतं."

त्यांनी त्या ओळी उपटल्या आणि साऱ्या जगाला लिहून टाकलं की जुन्या आवृत्तीवर परत जा, चूक माझी आहे, आजारपणात घाई केली. सभ्य माणूस तेव्हापासून गायब झाला. बाकीच्यांनी फार मायेने लिहिलं की आता आपण विश्रांती घ्यावी, आणि तो तुकडा दुसऱ्याच्या हाती गेला. नात्यागोत्यात बोललं गेलं की भितऱ्या भाऊजींनी भिऊन सोडलं. मी ऐकत होतो. दुरुस्तही केलं नाही.

जगाला पत्राने कळवलं, पण आपल्या भागातल्या लोकांचं त्यांना पत्रावर भागेना. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलेला माणूस एसटीने निघाला, पिशवीत फळीवरचे सगळे बिल्ले घेऊन. बाईंनी माझ्याकडे रागाने बघत म्हटलं, "तुमी तरी जा संगं." मी गेलो. कोरपन्याच्या त्या बाईचं मशीन त्यांनी तपासलं, पुसलं, लिनक्स पुन्हा घातली आणि पिशवी तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "काका, हे काय पत्र्याचं?"

"तुयंच नाव आहे. तुया हातानं काढ."

"काऊन जी?"

"तू वर आली म्हणून."

ती हसली, पण तिने काढला. असं ठिकठिकाणी. भामरागडच्या रस्त्याला गाडी बंद पडली तेव्हा हे रस्त्याच्या कडेला बसून छातीवर हात फिरवत होते आणि मी देवाला नवस बोलत होतो की हा माणूस माझ्या चुकीपायी या जंगलात मरू नये. त्या चार ओळींतून मधल्या दिवसांत कोणी आत शिरलं होतं का, हे आजही कोणी सांगू शकत नाही. ती धास्ती आम्ही दोघांनी घरी आणली, दोघांनी वेगवेगळी.

शेवटी माझं मशीन. तेही तपासून झालं. पिशवीत एकच बिल्ला उरला होता. मी हात पुढे केला तर त्यांनी पिशवीची गाठ मारली. "राहू द्या मास्तर. घाई नाई." माजरीला जाऊन त्यांनी तो पुन्हा खिळ्यावर लावला.

त्यांना सगळं माहीत होतं. कसं नसेल? किल्ली ज्या दिवशी फिरली त्या दिवशी ते नागपूरला छातीला नळ्या लावून पडले होते, आणि तो शब्द जगात आणखी एकालाच ठाऊक होता.

आता त्यांना कमी ऐकू येतं. ठोकतात अजून, पण आवाज टणक की पोकळ ते कळत नाही, म्हणून मला विचारतात, आणि मी सांगतो. पडवीतली मशीनं भंगारात गेली. एकच राहिलं, पवळ्या. काही करत नाही, नुसता त्याचा पंखा घरघरत असतो. मागच्या वेळी बाई माझ्यासमोर कुरकुरल्या, "सारं सोडलं, मंग हे एक काऊन चालू ठेवते? बिल येते ना." साडभाऊंना ते कसं कोण जाणे ऐकू गेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक माणूस खाली आहे अजून."

रविवारी सकाळच्या गाडीने मी हे कागद घेऊन माजरीला जाणार आहे. मोठ्याने वाचावं लागेल, बाईंनाही ऐकू जाईल, शेजाऱ्यांनाही जाईल, जाऊ दे. वाचून झालं की उठेन आणि खिळ्यावरचा तो बिल्ला माझ्या हाताने काढेन. मला फार भीती वाटते आहे. तेवढ्या वेळापुरता, भाऊ, पंखा चालू ठेवा.