जिवल्याचं लाल निशाण

केळव्याच्या वाड्यांत जिवल्या चाळीस वर्षं माडावर चढत होता. त्याचा नारळ कधी कुणाच्या डोक्यात पडला नाही. वरून तो एक लांब हाक द्यायचा आणि खालची कोंबडीसुद्धा बाजूला व्हायची.

चौसष्ट साली मराठवाड्यातून नागोराव ग्रामसेवक होऊन आले. ग्रामपंचायतीनं नियम केला की नारळ पाडताना माडाखाली लाल निशाण रोवायचं, आणि कुणाला लागलं तर पाडणाऱ्याचं चढणं कायमचं बंद.

पहिल्याच दिवशी निशाण बघायला अर्धं गाव माडाखाली जमलं. जिवल्या कोयता धरून शेंड्यात अडकला.

“भाऊसाहेब, माणसं हटवा! नारळ टाकू कुठं?”

“निशाणाजवळ कुणी थांबायचं नाही, नियम आहे!” नागोराव खालून ओरडले.

“मंग तुमी का थांबले?”

“निशाणावर लक्ष कोण ठेवणार?”

ऊन कललं तेव्हा जिवल्या एकही नारळ न पाडता उतरला.

“वर झोपला होतास काय रे?” वाडीची मालकीण नर्मदाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं निशाण देवळामागच्या भेंडीच्या झाडाखाली रोवलं. गाव तिकडे गेलं, नागोरावही गेले. इकडे नर्मदाबाईचे सगळे नारळ पडले. खाली एक कोंबडी होती, ती हाकेसरशी सरकली.

वर्षाअखेर नागोरावांनी तालुक्याला कळवलं की निशाणामुळे गावात एकही डोकं फुटलं नाही. ते खरंच होतं. निशाण भेंडीखाली रोवल्याशिवाय जिवल्या माडाला हातही लावत नसे.