सातवा रकाना

समजा, तुम्ही एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत उभे आहात. खोली कसली, लिफ्टच्या मोटारीवर उपडा घातलेला खोकाच तो. बसायला जागा नाही, टेबल नाही, एक खिडकी आहे ती कबुतरांच्या मालकीची. पायाखाली ग्रीस. तुम्हाला मोटार ऐकायची आहे, दोरांवर चिंधी फिरवून तुटलेली तार शोधायची आहे, ब्रेक कसा बसतो ते बघायचं आहे आणि हे सगळं उभ्या उभ्या लॅपटॉपवर भरायचं आहे. लॅपटॉप ठेवणार कुठे? डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत आडवा, तान्ह्या मुलाला धरतात तसा. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचं. दिवसाला अशा सहा खोल्या. आता सांगा, हातावर कोणता घ्याल? सव्वा किलोचा, वहीएवढा? की अडीच किलोचा, फळीएवढा?

तुम्ही हलकाच म्हणाल. मोजकरांचे डोळे धड असते तर त्यांनाही हा प्रश्न पडला नसता.

मोजकर हे त्यांचं आडनाव नव्हे, खोड होती. कुठेही गेले की आधी दाराची रुंदी वितीने मोजणार, जिन्याच्या पायऱ्या मोजणार, लिफ्टचं दार किती सेकंदांत बंद होतं ते मनातल्या मनात मोजणार. कचेरीत कुणीतरी एकदा ‘आले मोजकर’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं. फिटर म्हणून लागलेला माणूस सव्वीस वर्षांत लिफ्ट तपासनीस झाला होता. त्यांचे कान कचेरीत प्रसिद्ध होते. बेअरिंग कोरडं पडलंय हे ते जिन्यात उभं राहून सांगत.

वर्षभरापूर्वी त्यांना ओळी वाकड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून तासभर बसवलं, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि मग सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध डाग पडू लागलाय. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल.

“काम काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“लिफ्ट तपासतो.”

डॉक्टर कागदावर औषध लिहू लागले. “वाचताना अक्षरं मोठी करून घ्या. कॉम्प्युटरचा पडदा जेवढा मोठा, तेवढं बरं.”

ही गोष्ट मोजकरांनी बायको सोडून कुणाला सांगितली नाही. कचेरीचा जुना लॅपटॉप मोठा आणि जड होता. त्यावर त्यांनी अक्षरं वाढवून घेतली आणि दोर तर काय, हातालाच कळतात. असे अकरा महिने गेले.

मग परिपत्रक आलं. जुने लॅपटॉप जमा करायचे, दोन नव्यांतून एक निवडायचा, शुक्रवारपर्यंत सही. स्टोअरवाल्याने दोन्ही नमुने टेबलावर मांडून ठेवले होते.

“या, या. मुलगी बघायला आल्यासारखे लाजू नका,” तो मोजकरांना म्हणाला. “हा धाकटा, तेरा इंची. बॅटरी दिवसभर. हा थोरला, सोळा इंची, आकड्यांची बटणं वेगळी. पण थोरला घेतलात तर खाली कारण लिहायचं हं.”

“कारण?”

“साहेबांचा हुकूम. फिरतीवर जाणाऱ्याला मोठा कशाला लागतो, एवढंच लिहायचं. टेबलावर बसायचं असेल तर तसं लिहा, साहेब जागा करतील.”

मागे उभा असलेला सुसाट हसला. तोही तपासनीसच, मोजकरांपेक्षा वीस वर्षांनी लहान. बोलणं, चालणं, मोटारसायकल, सगळंच सुसाट. मोजकरांचं त्याच्याविषयी फारसं बरं मत नव्हतं. एवढ्या घाईत माणूस काय तपासत असेल, असं ते घरी म्हणत.

“काका, धाकटाच घ्या,” सुसाट म्हणाला. “थोरला घेऊन आठ मजले चढलात तर तुमचीच तपासणी करावी लागेल. दोर झिजलेत का बघायला!”

सगळे हसले. मोजकरही हसले. हसता हसता त्यांनी कागदावरची ‘कारण’ची ओळ बोटाने चाचपली.

घरी बायको शिलाई मशीनवर वाकली होती. शेजारणीचा कोट उसवून लहान करायचं काम होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग मोठा घ्या आणि सांगून टाका.”

“सांगितलं की संपलं.”

“काय संपलं? टेबल देतील ना?”

“टेबलावर काय असतं माहितीये का तुला? दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचायचं. वर मला कान आहेत, हात आहेत. खाली नुसते डोळे लागतात. आठवडाभरात उघडा पडेन. आगीतून फुफाट्यात.”

“आणि नाही सांगितलंत तर?”

“झाकली मूठ राहील.”

तिने दोरा दाताने तोडला. “अहो, मुठीत काय आहे ते आपल्याला तरी माहीत पाहिजे,” ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी मोजकरांनी धाकट्यासमोर सही केली.

यंत्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती. हातावर ठेवला तरी जाणवत नसे. पण नव्या लॅपटॉपबरोबर नवा तक्ताही आला होता, सात रकान्यांचा. पहिले पाच भरायचे: मोटार, दोर, ब्रेक, दारं, शेरा. शेवटचे दोन नुसते वाचायचे. सहाव्यात मागच्या तपासणीची तारीख, सातव्यात मागच्या तपासनिसाची नोंद. धड डोळ्यांच्या माणसाला सातही रकाने एका नजरेत दिसत. मोजकर अक्षरं वाढवत गेले, वाचता येईपर्यंत वाढवली, तेव्हा पडद्यावर पाचच मावले. उरलेले दोन उजवीकडे, पडद्याबाहेर गेले. पान बोटाने डावीकडे सरकवलं की ते दिसत.

पहिले काही दिवस ते दर वेळी सरकवत. आधी सहा-सात वाचायचं, मग परत येऊन एक ते पाच भरायचं. पण डाव्या हातावर लॅपटॉप, उजव्या हातात चिंधी, बोटांना ग्रीस. सरकवताना पान कधी खालीच जाई, कधी भलत्याच इमारतीचा तक्ता उघडे. बहुतेक वेळा सातव्या रकान्यात ‘ठीक’ एवढंच असायचं. हळूहळू ते सातवा रकाना संध्याकाळी घरी बसून वाचायला लागले. मग एखाद्या संध्याकाळी डोळे चुरचुरत, तेव्हा उद्यावर टाकायला लागले.

पुढे जिथे अपघात झाला, त्या इमारतीत ते एका मंगळवारी गेले होते. जुनी लिफ्ट, खाली दुकानं, वर कचेऱ्या, चौथ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. त्यांनी लिफ्टची गाडी रिकामी वर-खाली दहा वेळा फिरवली. ब्रेक बसल्याचा आवाज ऐकला. स्वच्छ, कोरडा आवाज. गाडी प्रत्येक मजल्याला बरोबर थांबली, त्यांनी वितीने मोजून पाहिलं. पाच रकाने भरले आणि प्रमाणपत्रावर सही केली.

एकोणीस दिवसांनी सकाळी, कचेऱ्या उघडायच्या वेळेला, भरलेली लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि दार उघडल्यावर हातभर खाली घसरली. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट तेव्हा बाहेर पाऊल टाकत होती. तिच्या नडगीचे दोन तुकडे झाले.

साहेबांनी मोजकरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपला लॅपटॉप मोजकरांकडे वळवला.

“ही मागची नोंद. तुम्ही पाहिली होती ना?”

पडद्यावर राखाडी मुंग्यांची रांग होती. मोजकरांनी मान तिरपी करून बघितलं, पुढे वाकून बघितलं.

“साहेब, जरा वाचून दाखवता?”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. “‘ब्रेकचं लायनिंग झिजायला लागलंय. रिकामी गाडी बरोबर थांबते, आवाजही चांगला येतो, त्यामुळे कळत नाही. भरलेली गाडी बोटभर घसरते. पुढच्या तपासणीत वजन टाकूनच बघावे.’”

“कुणाची नोंद?”

“सुसाटची.”

मोजकरांनी ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. आवाजही चांगला येतो, त्यामुळे कळत नाही. त्या सदा घाईत असलेल्या पोराने वजनाच्या पिशव्या आठ मजल्यांच्या लिफ्टमध्ये भरून बघितलं होतं आणि पुढे जो कुणी येईल त्याच्या कानांना सावध करून ठेवलं होतं.

“हे बघा,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “लायनिंग झिजलंय हे कळल्यावर त्याने तेव्हाच लिफ्ट बंद करायला हवी होती. नुसती नोंद करून मोकळा झाला, असं म्हणता येईल. तुमची सव्वीस वर्षं आहेत, त्याची चार. तुम्ही लिहून द्या, पुढचं मी बघतो.”

बाहेर सुसाटचा आवाज ऐकू येत होता. तो फोनवर हॉस्पिटलचा पत्ता विचारत होता.

“बोटभर घसरणारी गाडी कुणी बंद करत नाही, साहेब. मीही केली नसती. वजन टाकून परत बघतात. नोंद चोख आहे. मला दिसली नाही.”

“म्हणजे लक्ष गेलं नाही.”

“नाही. मला दिसत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कधीपासून?”

“वर्ष झालं.”

“आणि हलका लॅपटॉप तुम्ही स्वतः मागून घेतलात?”

“हो.”

साहेबांनी लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. चौकशी संपेपर्यंत घरी राहा, असा कागद तासाभरात टाइप होऊन आला. मोजकरांनी तो वाचला नाही, सही कुठे करायची तेवढं विचारलं. दारात सुसाट उभा होता. त्याने ‘काका’ म्हणून हाक मारली. मोजकरांनी मान हलवली आणि सुसाट वाट द्यायला बाजूला झाला.

लॅपटॉप परत करायला ते स्टोअरमध्ये गेले. थोरल्याचा नमुना अजून टेबलावर होता. कुणीच नेला नव्हता, झाकणावर धूळ बसली होती.

“हा चालू होतो का रे?”

“होतो की. पण आता तुम्हाला...” स्टोअरवाला थांबला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने गुपचूप चार्जर लावून दिला.

मोजकर खुर्ची ओढून बसले. आपल्या नावाने आत शिरले, त्या इमारतीचा तक्ता उघडला, मंगळवारचा. मग बटण दाबत दाबत अक्षरं वाढवली, धाकट्यावर वाढवली होती अगदी तेवढीच. कमी नाही, जास्त नाही. रकाने एकामागून एक उजवीकडे ढकलले जात होते. मोटार. दोर. ब्रेक. दारं. शेरा. मागची तारीख. पडद्याच्या कडेला सातव्या रकान्याची फक्त एक पट्टी उरली, बोटाच्या पेरभर रुंद. तीत प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं येऊन तुटत होती.

ते मान तिरपी करून त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले.

“काय शोधताय?” स्टोअरवाल्याने विचारलं.

“इकडे ये. इथे काही लिहिलंय, असं कळतं का?”

“कळतं की. पुढे काहीतरी आहे, कापलं गेलंय.”

“तू असतास तर सरकवलं असतंस?”

“मी कशाला सरकवतोय? मी नुसत्या सह्या घेतो.” तो कसंनुसं हसला. मोजकर हसले नाहीत, हे पाहून तो पुन्हा वाकला, त्याने पट्टीकडे नीट पाहिलं आणि खांदे उडवले. “कुणास ठाऊक, काका. बहुतेक सरकवलं असतं.”

मोजकरांनी डावा हात कोपरात वाकवून तो अडीच किलोचा लॅपटॉप त्यावर आडवा घेतला आणि उभे राहिले. उजवा हात मोकळा ठेवला, चिंधी धरल्यासारखा. हात लगेच भरून आला, पण त्यांनी खाली ठेवला नाही. मनात पुन्हा तोच मंगळवार होता, दिवसाची सहावी इमारत होती, बोटांना ग्रीस होतं, ब्रेक छान वाजला होता, आणि कडेला हीच पट्टी दिसत होती. मी सरकवलं असतं का?